आधी पाहणाऱ्या द्वारकाबाई

द्वारकाबाई दर मंगळवारी दुपारी तीनच्या खेळाला एकट्या सिनेमाला जायच्या आणि बायकांची जागा सोडून पडद्याजवळ, पिटात, जमिनीवर बसायच्या. सांगलीतल्या बायका त्या काळी सिनेमाला जात नसत असं नाही. पण घरातल्या चारचौघींबरोबर, मागे, कनात लावलेल्या भागात बसत. पांढरं लुगडं नेसलेली, मोकळ्या कपाळाची पंचेचाळिशीची विधवा हमाल-गाडीवानांच्या शेजारी मांडी घालून बसते, हे गावाला पचणं कठीण होतं. कुणी विचारलंच तर त्या सांगायच्या, "मुलं इथेच बसतात. खुर्चीतून वाघ वाघाएवढा दिसतो, इथून घराएवढा दिसतो."

मी कुंडलची. ट्रेनिंग संपवून त्यांच्या हाताखाली बालवर्गावर लागले तेव्हा वीस वर्षांची होते. लढाईची वर्षं होती. पहिल्या दिवशी त्यांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला ठेवली आणि सिनेमा पाहिलायस का, असं विचारलं. लहानपणी जत्रेतल्या तंबूत एकदा पाहिला होता, म्हणून सांगितलं. भीती वाटली होती का, या प्रश्नावर माझ्या तोंडून चटकन "व्हय" गेलं आणि शाळेत गावचं बोलणं निघालं म्हणून मी जीभ चावली. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. कशाची भीती वाटली, हे त्यांना हवं होतं. मी म्हटलं, आवाजाची. चित्र दिसायच्या आधी आवाज आला, त्याची. "आठवतंय ना तुला, मग तू चालशील," त्या म्हणाल्या, आणि मला वर्गावर घेऊन गेल्या.

बालवर्ग सकाळचा असे. वर्षातून दोनदा मुलांना सिनेमा दाखवायची शाळेची रीत जुनी होती. पूर्वी देवाधर्माचा बोलपट आला की सगळी मुलं रांगेने जायची. देवाचाच आहे, त्यात वाईट ते काय असणार, असं सगळे म्हणायचे. बाईंनी ते मोडलं; आधी स्वतः पाहिल्याशिवाय त्या मुलांना कुठल्याच बोलपटाला नेईनात. "देवाचं चित्र म्हणजे मुलाचं चित्र नव्हे," त्या म्हणायच्या. "राक्षसाचं पोट फाडलेलं आपण पोथीत वाचतो तेव्हा मुलाचा चेहरा बघून थांबता येतं. पडदा कुणासाठी थांबत नाही."

त्यांची परीक्षाही त्यांचीच होती. भीतीचा प्रसंग आला की त्या मनात आकडे मोजायच्या. दहाच्या आत सुटका झाली तर मुलाला मजा वाटते, वीसपर्यंत गेलं तर ते आईचा पदर शोधतं, आणि त्यापुढे ते सिनेमा घरी घेऊन जातं, हा त्यांचा हिशेब. चित्रातून मूल काय शिकेल, हेही त्या बघायच्या. पण उपदेशाची गाणी त्या जमेस धरत नसत. नदीत होडी कशी वळते, कुंभाराचा हात कसा फिरतो, असं काही चित्रात दिसलं की त्या खूश. तरी माझ्या पहिल्या दोन वर्षांत त्यांच्या परीक्षेला फक्त चार बोलपट उतरले.

थिएटरवर त्यांच्याशी बोलणारा एकच माणूस होता, दारावरचा धोंडिबा. आधीच्या लढाईत जाऊन आलेला, डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. तो त्यांना बाहेरच सावध करायचा. "आवं बाई, आज नगं. लय मारामारी हाय, पोरांच्या कामाचं न्हाई." बाई त्याचे आभार मानायच्या आणि तरीही आत जायच्या. दुसऱ्याच्या सांगण्यावरून चित्र पास करायचं नाही, तसं नापासही करायचं नाही, हा त्यांचा नियम.

कृष्णेच्या घाटाजवळ त्यांची एक खोली होती. सिनेमाहून परतल्यावर तिथे बोलायला कुणी नसे. म्हणून बुधवारी, मुलं डबा खायला बसली की, त्या मला अख्खी गोष्ट सांगायच्या. कोण कुठे उभं होतं, दार कसं उघडलं, सगळं. मी कधी अर्धवट ऐकत असे, कधी वह्या तपासत असे. त्यांना ते कळायचं, पण त्या थांबायच्या नाहीत.

मग तो शनिवार आला. एका हरणाच्या पाडसाची गोष्ट होती. बाईंनी ती मंगळवारी पाहिली होती आणि इतकी आवडली होती की बुधवारी मला दोनदा सांगितली. वर्ग सुटल्यावर आम्ही बत्तीस मुलं घेऊन गेलो. मूळ चित्राआधी लढाईचा बातमीपट दाखवावा लागे. मंगळवारच्या बातमीपटात मंत्र्यांची भाषणं आणि एक कारखाना होता. बातमीपट शुक्रवारी बदलतो, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी पडद्यावर चिखलातून चाललेले शिपाई आले, आणि मग झोळीत घातलेला एक माणूस, तोंडावर कापड टाकलेला.

आमच्या वर्गात सुमन म्हणून सहा वर्षांची मुलगी होती. तिचे वडील पलटणीत होते. ती सांगलीत चुलत्याकडे राहायची. ती उठली, "आबा" म्हणाली आणि सरळ पडद्याकडे चालत गेली. धोंडिबाने ओरडून दिवे लावायला लावले. तोवर ती पडद्यापाशी पोचली होती. पांढऱ्या कापडावर ती दोन्ही हात फिरवत होती. मग तिने कापडाची कड उचलून मागे पाहिलं. मागे भिंत होती. बाईंनी तिला उचललं तेव्हा ती रडली नाही, हेच फार वाईट होतं.

पंधरा दिवसांनी आबांचं खुशालीचं पत्र आलं. चुलत्याने ते तिला वाचून दाखवलं. सुमन म्हणाली, "त्ये जुनं पत्र हाय." वर्गात ती दाराकडे तोंड करून बसायची. बाई महिनाभर रोज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन नुसत्या तिच्याजवळ बसत. मग एक दिवस तिने बाईंना आपली बाहुली धरायला दिली, आणि दुसऱ्या दिवशी ती फळ्याकडे तोंड करून बसली.

शाळेच्या मंडळाची बैठक झाली. चिटणीस सज्जन माणूस होता. त्याने बाईंसाठी वाट काढली होती. थिएटरवाल्यांनी फसवलं, असं पत्र बाईंनी लिहून द्यावं, म्हणजे विषय मिटेल. बाई म्हणाल्या, "फसवलं नाही. मी विचारलं नाही. चूक माझी आहे." मग मंडळाने ठरवलं की मुलांना सिनेमा बंद, आणि बाईंनीही थिएटरात पाऊल टाकणार नाही असं लिहून द्यायचं, म्हणजे गावात जे बोललं जातं तेही थांबेल. मुलांना आपण नेलं नाही तरी ती आईबापांच्या मांडीवर बसून जे लागेल ते बघणार, असं बाई सांगत राहिल्या. "कुणीतरी आधी पाहिलेलं असायला हवं. आता तर खेळाच्या दिवशीच, सकाळी जाऊन बघायला हवं." चिटणिसाने माझ्याकडे वळून माझं मत विचारलं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी मान खाली घातली. चिटणिसाने तेच माझं मत म्हणून लिहून घेतलं.

बाईंनी लिहून दिलं नाही. महिनाअखेर त्या साताऱ्याला गेल्या. तिथे त्यांच्या मावसभावाची एक खोली रिकामी होती. निघताना त्यांनी मला सुमनला कुठलं गाणं आवडतं तेवढं सांगितलं.

पाच वर्षं मी त्यांना पत्र टाकलं नाही. माझं लग्न झालं, मुलगा झाला, देश स्वतंत्र झाला. नवऱ्याची बदली साताऱ्याला झाली तेव्हा मी त्यांची खोली शोधून काढली. त्या ओट्यावर बसल्या होत्या. माझ्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं; मोतीबिंदूने दोन्ही डोळे जवळजवळ गेले होते. थिएटरला शेवटचं कधी गेलात, असं मी विचारलं. वर्ष झालं, म्हणाल्या. शेजारच्या बाया अजून येऊन विचारतात, पोराला न्यावं का म्हणून; आता काय सांगणार?

माझा चार वर्षांचा वसंता त्या आठवड्यात एका बोलपटासाठी हट्ट धरून बसला होता. मी ते सहज बोलून गेले. त्या म्हणाल्या, "याला माझ्याजवळ ठेव. तू जाऊन बघून ये."

मी गेले. त्याआधी मी सिनेमाला कधीच एकटी गेले नव्हते. दारावरच्या माणसाने माझ्या मागे कोण आहे ते वाकून पाहिलं. आत दोन बाप्ये माझ्याकडे वळून काहीतरी बोलले आणि हसले. शेजारची जागा रिकामी होती. पडद्यावर काही गमतीचं झालं, मला हसू आलं, पण कुणाकडे बघून हसायचं ते कळेना. द्वारकाबाईंनी अशा किती दुपारी काढल्या असतील, आणि बुधवारी मी वह्या तपासत होते.

परत आले तेव्हा वसंता त्यांच्या मांडीवर झोपला होता. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. त्या अखेरपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यात मूल कुठे एकटं पडतं का गं?"

पडतं, मी म्हटलं. बराच वेळ.

"आणि कुणी येतं?"

"शेवटी येतं."

"मग वर्षभर थांब," त्या म्हणाल्या. "शेवटी कुणी येतं, हे एवढ्याला कळत नाही."

त्या दिवशी मी त्यांच्याशी बैठकीबद्दल बोलले. माझं चुकलं, म्हटलं. त्यांनी वसंताच्या पायावरचं पांघरूण चाचपून सारखं केलं आणि म्हणाल्या, "तुझी नोकरी नवी होती. मला राग नव्हता आला. फक्त त्या दिवशी घरी जाताना वाटलं होतं, कुणीतरी बरोबर चालायला हवं होतं."

त्यानंतर मी दर मंगळवारी तीनचा खेळ बघून त्यांच्याकडे जात असे. असे सात मंगळवार मिळाले; आठव्याच्या आधी बाई गेल्या.