सासूबाईंचा तळतळाट

बाळाचे ठोके मंदावलेत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडी देवाचं नाव आलं नाही. मला सासूबाई आठवल्या. आठवा महिना सरत आला होता, पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं, आणि ऑपरेशन ताबडतोब करायला हवं म्हणून डॉक्टरांनी कागद पुढे केला होता. मी सही करत नव्हते. याआधी दोन मुलं पोटातच गेली होती. तिसरंही जाणार, आणि ते का जाणार हे या परक्या मुलखातल्या डॉक्टरांना कसं कळावं, असं मला वाटत होतं. भीतीनं माणूस किती आडमुठं होतं ते मी त्या दुपारी अनुभवलं. ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट.

आम्ही बहरीनमधल्या मआमीरला एका खोलीत राहायचो. हे अस्करजवळच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात क्रेन चालवायचे. आमच्या मालवणाकडे सून परदेशी निघाली की सासू तिला देवळात नेते, ग्रामदेवता सातेरीची ओटी भरायला लावते आणि गावकर, म्हणजे गावचा मानकरी, देवीपुढे गाऱ्हाणं घालतो. मी ते न करताच निघाले होते. दुसरं मूल गेल्यावर सासूबाई रागाच्या भरात बोलल्या, "तुझ्या पायगुणान माझ्या घरात पाळणो हलाक नाय." मीही काही कमी नव्हते. या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही असं सुनावून मी बॅग उचलली. त्या चुलीपुढून उठल्या नाहीत. मी देवळावरून गेले, पण आत गेले नाही. बहरीनला आल्यावर त्यांना दोन ओळींचं पत्रही टाकलं नाही. पुढे मला दिवस गेले, यांनी ते घरी कळवलं, आणि तेव्हापासून मनानं घेतलं, की त्या चुलीपुढे बसून मला तळतळाट देत असणार.

यांना कारखान्यात निरोप गेला होता, पण ते अजून पोचले नव्हते. माझ्याजवळ नालेदी नावाची नर्स होती. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या बोट्स्वाना देशातली, काळीसावळी, गळ्यात लहानसा क्रूस. मी मॅट्रिक झालेले, तिचं इंग्रजी मला कळत होतं. सही का करत नाहीस, असं तिनं विचारलं. कुणालाच न सांगितलेलं मी तिला मोडक्यातोडक्या शब्दांत सांगून टाकलं. वाटलं, आता ही हसेल. ती हसली नाही, खुर्ची ओढून बसली.

तिच्या गावीही असंच मानतात, असं ती म्हणाली. घरातलं मोठं माणूस मनातून दुखावलं, की पूर्वज ते मनावर घेतात आणि घरच्या पोटुशी बाईला, लेकराला ते बाधतं. मग त्या मोठ्या माणसानं तोंडात पाणी घेऊन जमिनीवर फुंकायचं आणि सर्वांदेखत म्हणायचं, माझ्यामुळे झालं असेल तर माझं मन आता स्वच्छ आहे. चर्चमधले पाद्री याला फार रागवायचे. तिची आजी दर रविवारी चर्चला जायची, पण घरात कुणी अडलं की आधी पाणी फुंकायची आणि मग गुडघे टेकून येशूची प्रार्थना करायची.

मी रडत म्हटलं, माझ्या सासूबाई तर समुद्रापलीकडे आहेत, त्यांना कोण आणणार? नालेदी म्हणाली, "त्यांच्या मनात काय आहे ते तुला माहीत नाही. तुझ्या मनात राग आहे, तो मला दिसतोय."

हे मला फार लागलं. इतके महिने मी त्यांचा राग मोजत होते, माझ्या रागाकडे मी पाहिलंच नव्हतं. तिनं पाण्याचा पेला ओठांशी धरला, खाली भांडं धरलं. मी चूळ भरून टाकली आणि सासूबाईंना मालवणीतच म्हटलं, "आवशी, माझ्या मनात आता काय नाय. सातेरी, आता तू जाण." मग सही केली. नालेदी तिच्या भाषेत पुटपुटत माझा हात धरून ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत आली. भीती गेली नव्हती. फक्त मी एकटी नव्हते.

मुलगी झाली. इवलीशी होती, पण रडली.

आठवड्यानं गावाहून पत्र आलं. सासूबाईंनी शाळेच्या गुरुजींकडून लिहून घेतलेलं, माझ्या ऑपरेशनच्या कितीतरी आधी टाकलेलं. "बाय, माझा चुकला. तू रडत गेलंस. तुझो तळतळाट माझ्या नातवाक लागात म्हणान मी रोज भियातंय. माका माफ कर."

मी ते पत्र उराशी धरून रडले. मी त्यांना भीत होते, त्या मला भीत होत्या, आणि शाप कुणीच दिला नव्हता. बाळ सातेरीनं राखलं, नालेदीच्या येशूनं की डॉक्टरांच्या हातांनी, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. तिघांनाही हात जोडते. आपल्या हातात नसतं ते दुसऱ्याच्या हाती सोपवावं, एवढं मात्र मला तेव्हा कळलं. त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं, की नात झाली आहे, नाव तुम्हीच ठेवा. उलट टपाल यायला महिना लागला. तोवर आम्ही बाळाला नुसतं 'बाय' म्हणत होतो, आणि गावच्या पत्राची वाट पाहताना मला भीती वाटत नव्हती.