फडावर जाण्याआधी काढायची गाठ

"काढूनच टाका साहेब. दसरा झाला की आमाला टाइम न्हाई."

सुमन मला जवळजवळ हुकूमच सोडत होती. शेजारी नवरा अंकुश, मांडीवर रिपोर्टची पिशवी. तलवाड्याकडचं जोडपं, दर साल ऊसतोडीला जाणारं. मी बीडमध्ये तीस वर्षं सर्जन आहे, त्यामुळे ही घाई मला नवीन नाही. आमच्याकडे उसाच्या फडावर जायच्या आधी ऑपरेशन उरकून घ्यायची रीतच पडली आहे. कित्येकींनी तरुणपणीच गर्भाशयाची पिशवी काढून टाकली. तिथल्या सहा महिन्यांत दुखणं नको आणि कामाला खाडा नको, म्हणून.

सुमनच्या थायरॉइडला गाठी होत्या. थायरॉइड म्हणजे गळ्यात पुढच्या बाजूची ग्रंथी. शरीराचं इंजिन किती वेगात चालायचं ते ती ठरवते. गाठी दोन्ही बाजूंना, सगळ्यात मोठी बोराएवढी. आधीच्या डॉक्टरांनी 'काढावं लागेल' म्हणून सांगितलं होतं.

"जावंची पिशवी काढली, ती टुणटुणीत हाय," सुमन म्हणाली. "मग हे काढायला काय हुतंय?"

खरं तर आधी एफएनएसी करायला हवी होती. म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासायच्या. पण त्या रिपोर्टला चार दिवस लागतात. पेशंट घाईत, गुरुवारी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, रिकामं, आणि आपला हात चांगला आहे असा माझा समज. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली गत. पूर्ण ग्रंथी काढायचं मी ठरवून टाकलं आणि कन्सेंट फॉर्म समजावला. आवाजाची नस दुखावू शकते, कॅल्शियम कमी होऊ शकतं, नंतर ग्रंथीच्या कामाची भरपाई म्हणून आयुष्यभर रोज एक गोळी. सुमनने मान डोलावली. अंकुशने सहीसाठी पेन मागितला.

तेवढ्यात आमच्या ओटीच्या कांताबाई सिस्टर सुमनचं बीपी घ्यायला आल्या. लहानपणी त्या स्वतः आईबापांबरोबर फडावर राहिलेल्या. दंडाला पट्टा बांधता बांधता त्यांनी विचारलं, "घरात कुणाला रोजची गोळी चालू हाय का गं?"

"सासूला. बीपीची."

"फडावर किती दिवस पुरल्या?"

सुमन हसली. "दिवाळीलाच सरल्या."

"मग आणल्या कवा?"

"गुढीपाडव्याला, घरी आल्यावर. ऱ्हायच्या कोपीपासनं दवाखाना लई लांब. आन् जायचं म्हणलं की खाडा."

सिस्टरनी पट्टा सोडला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एकशे वीस-ऐंशी, सर."

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. ग्रंथी पूर्ण काढली की ती गोळी चुकवून चालत नाही. पहिले काही दिवस कळत नाही. मग अंग सुजतं, थंडी सोसत नाही, हातातलं बळ जातं. महिनोन्‌महिने गोळी नसेल तर जिवावरही बेततं. 'आयुष्यभर' हा शब्द मी दोन सेकंदांत उच्चारला होता. ती सहा महिने कुठे, कशी राहणार, हे विचारलंच नव्हतं.

मी फॉर्म ओढून घेतला. "अंकुश, सही राहू दे."

त्याचा चेहरा उतरला. "कावून? कॅन्सर हाय का?"

"तेच आधी बघू."

सुईच्या आणि रक्ताच्या तपासणीचे रिपोर्ट पाचव्या दिवशी आले. गाठी साध्या. ग्रंथीचं कामही ठीक. गिळायला, श्वासाला त्रास नव्हताच. मग दोघांना बसवून सगळं नव्याने सांगितलं. काहीच न काढता अधूनमधून सोनोग्राफी करून नजर ठेवता येते. एकच बाजू काढता येते, मग बऱ्याच जणांना गोळी लागत नाही, पण काहींना लागतेच. मोठ्या शहरात सुईने गाठ आतून जाळतात, चिरफाड नाही. आणि सगळी ग्रंथी काढणं तर आहेच, त्याची आज गरज दिसत नाही.

"म्हंजे गाठ तशीच घिऊन हिंडायचं?" सुमन म्हणाली.

"हिंडा. ती काही जेवायला मागत नाही. पण भराभर वाढली, आवाज बसला, घास अडकायला लागला, तर खाडा पडला तरी तिथल्या डॉक्टरला दाखवायचं."

तिने रिपोर्ट पिशवीत परत कोंबले. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मग."

त्या संध्याकाळी मी सिस्टरना म्हणालो, "आज तुम्ही नसता तर मोठी चूक झाली असती." त्या म्हणाल्या, "चहा गार होतोय, सर." मी त्यांचा ऋणी आहे, आणि हे मला चारचौघांत सांगायचं होतं.

गुढीपाडव्यानंतर सुमन सोनोग्राफीला आली. गाठ होती तेवढीच. आता तीन वर्षं झाली, अजून तेवढीच आहे.

यंदा दसऱ्याआधी ती ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईला घेऊन आली. बाईच्या पित्ताशयात खडे, पण दुखणं काही नाही. "काढून टाका," बाईने सुरुवात केली.

"थांब की," सुमनने तिचा हात दाबला आणि माझ्याकडे वळली. "डाक्टर, न काढता भागंल का? आन् काढलं तर फडावर हिला काय काय लागंल, ते आधी सांगा."

तीस वर्षं मी कन्सेंट फॉर्म वाचून दाखवतोय. त्यातल्या एकाही ओळीत हा प्रश्न छापलेला नाही. मी खुर्ची पुढे ओढली आणि उत्तर द्यायला लागलो.