सतरा तास झोपले, असे वाचावे

सुधीर राजवाडकरांच्या हातात गेलेला कागद जसाच्या तसा परत आला, असं आजवर कधी झालेलं नाही. एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत त्यांनी चौतीस वर्षं काढली, आणि ती सगळी दुसऱ्यांच्या मसुद्यांवर लाल शाईने दुरुस्त्या करण्यात. स्वतः पहिलं वाक्य त्यांनी क्वचितच लिहिलं असेल. पहिलं वाक्य लिहितो तो कारकून आणि ते खोडतो तो साहेब, अशी त्यांची साधी समजूत होती. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. लाल पेन त्यांनी न विचारताच आणलं.

खांदेश्वरच्या टू बीएचकेमध्ये मात्र त्या पेनाला पुरेसं काम मिळेना. लग्नपत्रिका झाल्या, लिफ्टमधल्या सूचना झाल्या, डॉक्टरांची चिठ्ठीही झाली. सुचित्राबाईंनी लिहिलेल्या वाणसामानाच्या यादीत 'कोथिंबीर'च्या आधी 'ताजी' हा शब्द येऊन बसू लागला. बाईंना याचं नवल नव्हतं. साखरपुड्यानंतर त्यांनी सुधीररावांना एक पत्र लिहिलं होतं, ते आठवड्याभरात दुरुस्तीसह परत आलं होतं. 'तुमची फार आठवण येते' यातला 'फार' खोडून समासात लिहिलं होतं, 'प्रमाण स्पष्ट होत नाही.' ते पत्र बाईंनी अजून जपून ठेवलंय. प्रेमापोटी नव्हे, पुरावा म्हणून.

मुलगी ईश्वरी याच छत्राखाली वाढली. ती शाळेत असताना तिच्या आजारपणाच्या रजेचे अर्ज वडील जूनमध्येच तयार करून ठेवत. 'तीव्र ज्वर' वगैरे सगळं लिहिलेलं, फक्त तारखेची जागा मोकळी. "ऐन वेळी धावपळ नको," ते म्हणत. "काम आधी उरकून ठेवावं." ईश्वरी पुढे नर्स झाली, वाशीच्या एका हॉस्पिटलात सहा वर्षं राबली, आणि मग एका मदतसंस्थेतर्फे युद्ध चालू असलेल्या देशात गेली. त्या देशाचं नाव सोसायटीत प्रत्येकजण वेगळं उच्चारत असे, पण तिथे कुणी काय करायला हवं यावर सगळ्यांचं एकमत होतं.

चौदा महिन्यांनी ईश्वरीला अठ्ठावीस दिवसांची रजा मिळाली. तिथला विमानतळ बंद, त्यामुळे बसने सीमा ओलांडायची, गावोगाव थांबत पुढच्या देशात जायचं आणि तिथून विमान पकडायचं, असा नऊ-दहा दिवसांचा प्रवास होता. व्हॉइस नोट पाठवायला सुधीररावांची मनाई होती. "तोंडी निरोपाला रेकॉर्ड नसतं," हे त्यांचं म्हणणं. म्हणून ती मुक्कामाच्या ठिकाणी वहीच्या पानावर पत्र लिही आणि त्याचा फोटो पाठवी.

पहिलं पत्र एवढंच होतं: 'बाबा, सीमा ओलांडली. एका शाळेत झोपायला जागा मिळाली. सतरा तास झोपले. उठून पाणी प्यायले आणि परत झोपले.'

सुधीररावांनी फोटोची छापील प्रत काढून ते दोनदा वाचलं. मजकूर त्रोटक होता. त्यातून कामाचा बोध होत नव्हता. योगायोगाने त्याच संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष बाबासो चौगुले गेटवर भेटले. बाबासो मूळचे सांगलीकडचे, वाशीच्या मार्केटात कांद्याचे आडते, आणि रोज टीव्हीवर दीड तास युद्ध बघणारे.

"काय ओ राजवाडकर साहेब, पोरगी काय म्हणती? टाका की ग्रुपवर. आमाला बी कळू दे."

निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत कुणीतरी प्रथमच त्यांच्याकडे काहीतरी लेखी मागितलं होतं. सुधीररावांनी रात्री शुद्ध प्रत तयार केली. 'सतरा तास झोपले' याच्या जागी 'सीमाभागात सतरा तास अखंड सेवा बजावली' असं आलं. एकशे बारा कुटुंबांच्या ग्रुपवर त्यावर चौऱ्याण्णव अंगठे पडले. आस्थापना शाखेत चौतीस वर्षांत एकही पडला नव्हता.

दुसऱ्या पत्रात ईश्वरीने लिहिलं होतं: 'बसमध्ये शेजारच्या म्हातारीने मला उकडलेलं अंडं सोलून दिलं. मग माझा हात हुंगला आणि नाक मुरडलं. औषधाचा वास काही केल्या जात नाही.' श्रावण चालू असल्याने अंडं वगळण्यात आलं. म्हातारी राहिली, पण तिने काही देणं बरं दिसेना. 'वाटेत एका वृद्धेची शुश्रूषा केली,' असं ग्रुपवर गेलं. तिसऱ्या मुक्कामी एका पार्लरमध्ये तिने केस धुऊन घेतले होते. तिसऱ्यांदा धुतल्यावर पाणी स्वच्छ आलं आणि तिला रडू फुटलं होतं. 'पार्लरवाल्या बाईला वाटलं पाणी फार गरम आहे.' हे पत्र सुधीररावांनी बराच वेळ धरून ठेवलं. कर्मचाऱ्याचं रडणं रेकॉर्डवर येणं योग्य नव्हे. शेवटी 'जनतेचे अश्रू पुसले' यावर निभावलं.

सुचित्राबाई मूळ पत्रंही वाचत आणि शुद्ध प्रतीही.

"अहो, हे तिने लिहिलंय?"

"आशय तिचाच आहे. मी फक्त भाषा बघितली."

"भाषा बघता बघता तिचे केस कुठे गेले?"

ग्रुपला मात्र पत्रांची गोडी लागली होती. बी विंगमधली निशिगंधा, जी सोफ्यावरून उठल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं, रोज विचारी, "काका, आज लेटर नाय आलं? आमचं जेवण अडलंय!" बाबासोंनी जाहीर केलं की येत्या वार्षिक सभेत ताईंचा सत्कार होणार. विषयपत्रिकेवर तो टेरेसची गळती आणि भटकी कुत्री यांच्यामध्ये बसवण्यात आला.

आणि मग चौथं पत्र आलं. 'बाबा, उद्या विमान आहे. एक सांगायचंय. मी परत जाणार नाहीये. समोर आल्यावर बोलू.'

सुधीररावांनी पेन उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग चौथं पत्र वेगळ्या फायलीत घातलं आणि ग्रुपवर आपल्या मनाने लिहिलं: 'वीस तारखेस पुनश्च कर्तव्यावर रुजू होत आहे.' आयुष्यात त्यांनी स्वतः लिहिलेलं हे बहुधा पहिलं वाक्य. ते खोडायला वर कुणी साहेब नव्हता.

ईश्वरी उतरली ती थेट फ्लेक्सपुढे. गेटवर दहा फुटी फोटोत ती स्वतः, डोक्यावर हेल्मेट, मागे एक रणगाडा आणि खाली 'रणरागिणी ताईंचे हार्दिक स्वागत', त्याखाली बाबासो आणि अकरा कमिटी मेंबर, तिच्यापेक्षा किंचित मोठे.

"हा रणगाडा कुणाचा?" तिने विचारलं.

"फ्लेक्सवाल्याकडे होता," सुधीरराव म्हणाले.

दोन दिवस ती घरात नुसती फिरत राहिली. रात्री झोप लागत नव्हती. प्रवासात लागली होती ती इथे, स्वतःच्या गादीवर येईना. शनिवारी दुपारी तिला कपाटावरची फाईल सापडली. तिने चारही शुद्ध प्रती शांतपणे वाचल्या.

"बाबा, ही बाई कोण?"

"कुठली?"

"हीच. अखंड सेवा बजावते, अश्रू पुसते. भारी आहे एकदम. वीस तारखेला तिलाच पाठवा."

"अगं, लोकांना काहीतरी—"

"माझ्या चौथ्या पत्राचं काय झालं?"

सुधीररावांनी घसा खाकरला. "विचाराधीन आहे."

"बघ," स्वयंपाकघरातून सुचित्राबाई म्हणाल्या, "माझी आठवणसुद्धा तेहतीस वर्षं विचाराधीनच आहे."

तेवढ्यात बेल वाजली. बाबासो सत्काराचा तपशील घेऊन आले होते. वीस तारखेला निरोपाला ढोलताशा सांगितलाय, असं त्यांनी बसता बसता सांगून टाकलं.

"नाही गेले तर चालणार नाही का काका?"

बाबासो हसले. मग ती हसत नाही असं पाहून थांबले. "असं कसं ताई? कुणीतरी गेलंच पायजे की. माणुसकी हाय का नाय?"

"तुमचा मुलगा येतो का, प्रसाद? नर्सिंग लागत नाही. स्ट्रेचर उचलायलाही माणसं हवीत."

"आला असता ओ," बाबासो कळवळून म्हणाले, "पण त्याला धुळीची ॲलर्जी हाय."

ते गेल्यावर सुधीरराव म्हणाले, "सगळ्यांसमोर शब्द गेलाय, ईश्वरी. एक सहा महिने. मग बघू."

ईश्वरी भांडली नाही. इतक्या वर्षांत आईने भांडून काय मिळवलं हे ती बघत आली होती. रात्री जेवणं झाल्यावर तिने वडिलांच्या टेबलावर एक कागद ठेवला आणि म्हणाली, "संस्थेला पाठवायचाय. इंग्रजी माझं कच्चं आहे. जरा बघता?"

तो राजीनामा होता.

सुधीररावांनी तो बाजूला सारला. पाच मिनिटांनी जवळ ओढला. पहिल्याच ओळीत 'शक्य असल्यास कृपया' होतं. त्यांना राहवेना.

"राजीनाम्यात विनंती नसते," ते पुटपुटले आणि खोडलं. "'खेद वाटतो'. कशाचा खेद? हेही नको." आता लाल पेन चांगलं सरावाला आलं होतं. "आणि हा कारणांचा परिच्छेद पूर्ण काढ. राजीनाम्यात कारण दिलं की वरचा ते कारण दूर करतो आणि राजीनामा फेटाळतो. मी स्वतः अकरा जणांचे असे परत पाठवलेत."

"काढा मग," ईश्वरी म्हणाली.

काढण्यासाठी आधी वाचावा लागला. तिने लिहिलं होतं: 'गेले तीन महिने मी पेशंट जिवंत असतानाच त्याच्या मृत्यूचा फॉर्म भरून ठेवते. नाव, वय, खाट क्रमांक. फक्त वेळेची जागा मोकळी सोडते. ऐन वेळी धावपळ होत नाही. मागच्या महिन्यात त्यातली एक मुलगी वाचली. मला आधी फॉर्म वाया गेल्याचं वाईट वाटलं.'

सुधीररावांनी परिच्छेद पुन्हा वाचला. भाषेत दोष नव्हता. प्रमाण स्पष्ट होत होतं. पेन कागदाच्या वर तसंच थांबलं, इतका वेळ की समासात शाईचा एक ठिपका उतरला.

"ती मुलगी कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"घरी गेली."

"बरं."

मग त्यांनी तो परिच्छेद खोडला. एरवी ते एका फटकाऱ्यात खोडत, आज ओळ न ओळ पट्टी धरून खोडली. उरलेल्या दोन वाक्यांत जगातल्या कुठल्याही आस्थापना शाखेला बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त वर तारीख नव्हती.

"ही का मोकळी?"

"सवय," ईश्वरी म्हणाली.

सुधीररावांनी आजची तारीख घातली. तिने मजकूर फोनवर टाइप केला, पाठवला आणि झोपायला गेली. तेव्हा सव्वाबारा वाजले होते.

रविवारी दहाची सभा सव्वाअकराला सुरू झाली. पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. बाबासोंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाला काय दुरुस्ती सुचवायचीय? नाय? मग पुढं—"

"आहे," म्हणत सुधीरराव उठले. हातात कागद होता.

सभागृह सुस्कारलं. दरवर्षी ते स्वल्पविरामांवर वीस मिनिटं घेत.

"ग्रुपवर माझ्यातर्फे चार पत्रं गेली. त्यांचं शुद्धिपत्रक सादर करतो." त्यांनी चष्मा नीट केला. "पत्र एक. 'सतरा तास अखंड सेवा बजावली' याऐवजी 'सतरा तास झोपले' असे वाचावे. पत्र दोन. 'वृद्धेची शुश्रूषा केली' याऐवजी 'वृद्धेने अंडे सोलून दिले' असे वाचावे. पत्र तीन. 'जनतेचे अश्रू पुसले' याऐवजी 'केस धुताना रडू आले' असे वाचावे. पत्र चार. 'पुनश्च रुजू होत आहे' याऐवजी 'परत जाणार नाही' असे वाचावे. चुका टंकलेखकाच्या नाहीत. माझ्या आहेत."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. निशिगंधा शेजारणीच्या कानात म्हणाली, "म्हंजे काहीच झालं नाय?" मागून कुणीतरी फसवणुकीबद्दल पुटपुटलं. बाबासो हातातल्या शालीकडे बघत राहिले. तिची घडी त्यांनी सकाळपासून तीनदा घातली होती.

"साहेब, गुच्छ आलाय ओ. फ्लेक्स लागलाय. आता ह्याचं काय करायचं?"

"टेरेसची गळती आहेच," सुचित्राबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "दहा फुटी आहे. अंथरायला पुरेल."

"निदान ताईंना तरी बोलवा वर," बाबासो अजिजीने म्हणाले. "दोन शब्द बोलतील. लोक बसलेत."

"झोपली आहे," सुधीरराव म्हणाले.

"अजून? कवापासनं?"

सुधीररावांनी घड्याळ पाहिलं. "अकरा तास झाले."

"मग उठवा की ओ!"

"नाही," सुधीररावांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि खाली बसले. "अजून सहा बाकी आहेत."