जुना पार्ट मालकाच्या हातात

मला लबाड म्हटलेलं खपत नाही. अडाणी म्हणा, उशिरा येणारा म्हणा, फोन न उचलणारा म्हणा, ते सगळं मी आहे. पण कुणी लबाड म्हणालं की माझं डोकं सटकतं. एकदा शाहूपुरीत एसीचं काम चाललेलं, तिथल्या बाईंनी नुसतं विचारलं, "नवीनच टाकलाय ना पार्ट?" तर मी चालू काम सोडून जिना उतरलो होतो. बायकोनं फोन करून परत वर पाठवलं. तुमचा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, असं ती येता-जाता सुनावते, आणि ते खरंच आहे.

मूळचा मी गगनबावड्याकडचा. आमच्याकडं पावसानं घरातल्या भिंतींना शेवाळ धरतं, तिथं एसीचं नाव कोण काढणार. दहावीनंतर कबनूरला मावशीकडं आलो आणि यंत्रमागाच्या मोटरी भरणाऱ्या दुकानात चिकटलो. मोटर भरायची म्हणजे आतली जळालेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी गुंडाळायची. तिथल्या वस्तादाचा एक कायदा होता: जुनं तांबं मालकाच्या हातात द्यायचं. दुरुस्त मोटरीबरोबर एक पिशवी. मालक पिशवीत बघायचा, तार काळी ठिक्कर पडलेली असायची, जळका वास यायचा. तो मान हलवायचा आणि मोटर घेऊन जायचा. वाद नाही, संशय नाही.

पुढं कोल्हापुरात घरोघरी एसी लागायला लागले, तसा मी मागाच्या मोटरी सोडून इकडं आलो. येताना तो कायदा बरोबर आणला. गेली बारा वर्षं मी ज्या-ज्या घरात कपॅसिटर बदलला, त्या प्रत्येक घरात जुना काढून मालकाच्या तळहातावर ठेवला. "घ्या पावणं, तुमचा माल तुमच्यापाशी." लोक खूश व्हायचे. एकानं दुसऱ्याला सांगायचं, हा माणूस बघा, जुना पार्ट हातात देतो. माझा धंदा त्याच्यावरच उभा राहिला.

आता हा कपॅसिटर म्हणजे काय, ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाहेरच्या युनिटमध्ये कॉम्प्रेसरच्या शेजारी ॲल्युमिनियमचा एक गोल डबा बसवलेला असतो, फुलपात्राएवढा. कॉम्प्रेसरच्या मोटरीत दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, असतात. माझी आई आणि चुलती जात्यावर समोरासमोर बसायच्या. दोघींनी एकाच क्षणी जोर लावला तर जातं अडतं. एकीचा जोर सरत आला की दुसरीचा लागायला हवा, तेव्हा ते गरगरतं. दुसऱ्या वाइंडिंगचा जोर असा मागंपुढं करून द्यायचं काम कपॅसिटर करतो, आणि एसी चालू आहे तोवर करत राहतो. तो गेला की कॉम्प्रेसर नुसता हूं करतो आणि फिरत नाही.

डब्याच्या डोक्यावर दोन बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या असतात. एका बाजूला येणारी फेज, म्हणजे विजेची जिवंत वायर, लागते आणि तिथूनच एक वायर कॉम्प्रेसरच्या मुख्य वाइंडिंगला जाते. दुसऱ्या बाजूची वायर दुसऱ्या वाइंडिंगला. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा, वायर जिथली तिथं लावायची. काम दहा मिनिटांचं.

एक गोष्ट मात्र वस्तादानं कानफटात मारून शिकवली होती. कपॅसिटर वीज साठवून ठेवतो, मेन स्विच बंद केला तरी. म्हणून हात लावण्याआधी त्याची दोन्ही टोकं पेचकसानं एकमेकांना भिडवून तो रिकामा करायचा; आत वीज असली तर ठिणगी उडते. सुरुवातीला मी हे इमानदारीनं करायचो. पण एसीत ठिणगी कधी उडायचीच नाही. स्विच बंद केला की साठलेली वीज त्या वाइंडिंगमधूनच आपोआप निचरून जाते. असं का होतं, ते मी कुणाला विचारलं नाही. ठिणगी येत नाही एवढं बघितलं आणि हळूहळू ती सवय सोडून दिली. कपॅसिटर चांगला की मेला ते मोजायचा मीटर पिशवीत होता. पण एप्रिल-मे महिन्यात दिवसाला दहा-दहा घरं, कोण मोजत बसणार? हूं ऐकू आलं की कपॅसिटर, इतकं ते पाठ झालं होतं. बहुतेक वेळा बरोबरही यायचं.

अण्णांचं घर माझं जुनं गिऱ्हाईक. अण्णा गुळाचे व्यापारी, आता सत्तरी ओलांडून घरात बसलेले. उभा जन्म त्यांनी ढेप हातात घेऊन, नख लावून, कण जिभेवर ठेवून मगच भाव बोलला. त्यांना उन्हाळा सोसत नाही, दम लागतो, म्हणून मुलानं त्यांच्या खोलीला एसी बसवला. दोन उन्हाळे ओळीनं मी तिथं कपॅसिटर बदलला. दोन्ही वेळा हूं, दोन्ही वेळा नवा टाकल्यावर एसी सुरू. अण्णा दर वेळी गच्चीवर, बाहेरच्या युनिटपाशी, येऊन स्टुलावर बसायचे आणि जुना डबा हातात घेऊन उलटसुलट करायचे. "तुझं हे मला आवडतंय बघ. माल हातात."

यंदा मे महिन्यात परत फोन. परत हूं. माझं मलाच नवल वाटायला हवं होतं, तीन वर्षांत तीन. नाही वाटलं. हल्ली माल हलका येतोय म्हणून कंपनीला दोन शिव्या हासडल्या आणि गच्चीवर गेलो. भर दुपार होती, फरशीवर पाय ठेववत नव्हता. मेन स्विच बंद केला, वायरी काढल्या, नवा कपॅसिटर बसवला, आणि चालू करून बघण्याआधीच जुना अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी तो लेबल वाचायला फिरवला. या वेळी अंगठा डोक्यावरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर गेला.

आवाज फार मोठा नाही झाला. टच्च, एवढाच. अण्णांचा हात उडाला, स्टूल मागं गेलं आणि ते टाकीच्या कट्ट्यावर पडले. मनगट अंगाखाली. डोळे मिटलेले. डबा गडगडत मोरीपाशी गेला. मी जागचा हललो नाही. हलायचं असतं हेच मला सुचेना. माणूस पडलाय हे दिसत होतं आणि माझ्या डोक्यात एकच: स्विच बंद आहे, स्विच बंद आहे, मग हे कसं झालं?

अण्णांच्या बायको, काकू, वर आल्या आणि त्यांनी अण्णांच्या नावानं हंबरडा फोडला, तेव्हा मी भानावर आलो. नाकाशी बोटं धरली. श्वास होता. पाणी मारलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग अण्णांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "लागला की रं."

मी तिथंच खाली बसलो.

दवाखान्यात छातीचा ईसीजी काढला, तो ठीक निघाला. मनगट मोडलं होतं. मुलगा ऑफिसातून धावत आला आणि बाहेरच्या बाकड्यापाशी त्यानं मला फैलावर घेतलं. "मारला असतास की आज म्हाताऱ्याला. कामं येत न्हाईत तर करतोस कशाला?" मी खाली मान घालून उभा. तेवढ्यात आतून, प्लास्टर घालता घालता, अण्णांचा आवाज आला.

"त्याला कोण बोलायचं न्हाय. माझाच अंगठा गेलता. पोरगं सच्चं हाय. तीन वर्सं जुना माल हातात देतंय, दुसरं कोण देतंय का गावात?"

मुलगा आत गेला. मला मोकळं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. मी अण्णांच्या घरी परत गेलो, कारण संध्याकाळी ते घरी येणार आणि खोली भट्टी झालेली.

गच्चीवर स्विच चालू केला. नवाकोरा कपॅसिटर. कॉम्प्रेसर हूं करायला लागला आणि फिरला नाही.

स्विच बंद करून मी टाकीच्या सावलीत बसलो. समोर तो जुना डबा पडलेला. ज्याला मी मेला म्हणून काढला, त्यानं माणूस पाडला होता. मेलेल्या कपॅसिटरमध्ये वीज राहतेच कुठं? राहिली, म्हणजे तो धडधाकट होता. आणि राहिली, म्हणजे ती नेहमीसारखी वाइंडिंगमधून निचरलीच नव्हती. म्हणजे वाटेतली वायर कुठंतरी तुटकी होती. हे सगळं मला त्या दुपारी एका दमात कळलं. इतकं सरळ होतं ते. बारा वर्षांत कधीही कळू शकलं असतं.

नव्या कपॅसिटरची टोकं भिडवून तो रिकामा केला आणि कॉम्प्रेसरवरचं काळं झाकण उघडलं. मुख्य वाइंडिंगच्या पिनेवर बसणारी, वायरीच्या टोकाची पत्र्याची टोपी करपून सैल झालेली, बोट लावलं तर हलत होती. दर वर्षी मी कपॅसिटर काढता-घालताना तीच वायर ओढायचो, टोपी जराशी टेकायची आणि एसी सुरू व्हायचा. वर्षभर कसाबसा चालायचा. नव्या कपॅसिटरचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

करपलेलं टोक कापलं, पिन खरवडून साफ केली, नवी टोपी दाबून घट्ट बसवली. नवा कपॅसिटर सोडवला. जुन्याची दोन्ही टोकं भिडवून आधी तो रिकामा केला, मग पिशवीतला मीटर काढून लावला. डब्यावर छत्तीस लिहिलेलं, मीटरही छत्तीस दाखवत होता. तोच परत जोडला. स्विच टाकला. कॉम्प्रेसर एका झटक्यात फिरला.

काकू घरीच होत्या, अण्णांसाठी पेज टाकत होत्या. मी विचारलं, "काकू, मागचे दोन डबे टाकलासा काय?"

"टाकत्यात व्हय ते? कपाटात हाईत."

गुळाचे नमुने ठेवतात तसे ते ठेवलेले. प्रत्येकाला सुतळी, सुतळीला चिठ्ठी, चिठ्ठीवर अण्णांच्या अक्षरात साल. मी दोन्ही मोजले. दोन्ही चांगले. मी परत मोजले, मीटर चुकत असेल म्हणून. मीटर चुकत नव्हता. काकू पेज ढवळता ढवळता म्हणाल्या, चहा ठेवू काय, आणि मी तिसऱ्यांदा मीटर लावत होतो.

जळालेलं तांबं स्वतःच सांगतं की मी जळालोय. हा डबा काही सांगत नाही. चांगला आणि मेला, दोन्ही तसेच चकचकीत. हे मला दिसत नव्हतं असं नाही, मी बघितलंच नाही. लोक हातात घेऊन खूश होत होते आणि त्यांची खुशी बघून मलाही वाटत होतं की मी सच्चा. ज्या 'लबाड' शब्दावरून मी जिना उतरलो होतो, तो शब्द मला लागू होतो की नाही, हे त्या स्वयंपाकघरात उभं राहून मला ठरवता येईना. ठरवून फसवलं नाही, हे खरं. पण फसले तर होतेच की सगळे.

सांगायचं नाही, असंही मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू. एसी चालू झाला होता, अण्णा माझ्या बाजूनं होते, आणि डबे परत कपाटात ठेवले असते तर जन्मात कुणाला कळलं नसतं. अण्णा तर आणखी चार घरी माझं नाव सांगत राहिले असते. तेच सहन होईना. दवाखान्यातलं ते "पोरगं सच्चं हाय" कानातून जाईना.

दिवेलागणीला अण्णा आले. गळ्यात अडकवलेला हात, तोंड उतरलेलं. खोलीत शिरल्यावर गारवा लागला तसे जरा हसले. "केलास व्हय सुरू? बघ, म्हटलं नव्हतं मी?" शेवटचं त्यांनी मुलाकडं बघून म्हटलं.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. टोपी सैल होती. कपॅसिटर एकदाही गेला नव्हता. तिन्ही चांगले होते. मी मोजलं नव्हतं. चांगला होता म्हणूनच तुम्हाला शॉक बसला.

मुलगा काहीतरी बोलायला गेला, अण्णांनी चांगला हात वर करून त्याला थांबवलं. ते दोन डबे टेबलावर होते, चिठ्ठ्यांसकट. अण्णा त्यांच्याकडं बघत राहिले. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. चिडले नाहीत.

"मग मी हातात काय घेत हुतो रं?" ते म्हणाले.

पाहुणा नुसता उभा राहतो तसा उभा होतो. काकूंनी चहाचा कप पुढं केला, तो मी घेतला आणि तसाच धरून ठेवला.

मग त्यांनीच विचारलं, "आमच्या घरातलं तीन झालं. बाकीच्या गावात किती?"

"ठावं न्हाय, अण्णा. मोजलं न्हाय."

"घरं तरी ठावं हाईत?"

"हाईत."

अण्णांनी उशीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. दुपारी गच्चीवर मिटले होते तसेच. पण ते बोलत होते.

"त्या घरांतबी कोणतरी डबा हातात घिऊन, मिस्त्री लई सच्चा म्हणून बसलं आसंल. आणि वायर आत करपालीया. मग तू हितं चहा घिऊन काय करालायस? ऊठ."

मी उभाच होतो. कप टेबलावर ठेवला, मीटर पिशवीत घातला आणि निघालो.