काकूंनी रंगवलेलं गाव

"सावकाश रं, माणूस हाय तो!"

चित्रांचा गठ्ठा कुणी जरा आदळून ठेवला की कोपऱ्यातल्या टेबलावरून काकूंचा आवाज यायचा. चित्रातल्या त्या माणसाची अजून अर्धी मिशीच रंगवून झालेली असायची. तरी काकूंच्या लेखी तो माणूस.

सत्तरच्या दशकात दहिवलीत, भाताच्या गिरणीमागच्या एका शेडमध्ये आम्ही कार्टूनचा सिनेमा करत होतो, हे आज सांगितलं तर तुम्हाला थाप वाटेल. मुंबईपेक्षा भाडं कमी म्हणून आमच्या साहेबांनी तिथे बस्तान मांडलं होतं. पारदर्शक प्लास्टिकवर रेषा उमटवायच्या, उलट बाजूने रंग भरायचा आणि मग एकेक चित्र मी कॅमेऱ्याखाली ठेवायचं. पडद्यावर एक पोरगं नुसतं जांभई देणार, तर आमच्याकडे चित्रांची चळत पडायची. रंग भरणाऱ्या बायकांत काकू वयाने सगळ्यांत मोठ्या.

सिनेमा घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावा असा होता. आई, बाप, दोन पोरं आणि एक हट्टी शेळी, डोंगराखाली गडप झालेली जुनी नगरी शोधायला निघतात. काकू शेळीची दाढी रंगवताना तिच्यावर खेकसायच्या. "मेले, गप उभी ऱ्हा की जरा!"

मग नगरीची चित्रं आली. ओस वाडे, पडके खांब. काकूंनी ती खालीवर केली आणि साहेबांना विचारलं, "इथली माणसं कुठं गेली?"

"ती संस्कृती नष्ट झाली, काकू. फार पूर्वी."

"नष्ट झाली म्हंजे? आपोआप? का कुणी उठवली?"

साहेब हसले. काकू हसल्या नाहीत. रसायनीच्या बाजूला नदीकाठी त्यांचं गाव होतं. कारखान्यासाठी ते उठलं तेव्हा माणसं पांगली. कुणी खोपोलीला गेलं, कुणी पनवेलला, आणि काकू भिसेगावात लेकीकडे.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांना गोष्टीची जाण होती. त्यांनी शेवटच बदलला. आता पोरं नगरीत शिरतात तर एका दारात एक बाई चूल पेटवत असते. ती मान वर करून म्हणते, "आलात? बसा." आणि मग घराघरातून माणसं बाहेर येतात. हा भाग काकूंनी मागून घेतला. घरंसुद्धा साहेबांनी काकूंच्या गावासारखीच, त्यांना विचारून रेखाटून घेतली. ओटा केवढा, शेवगा कुठे, विहिरीकडे वाट कुठून जाते. पावसाळाभर काकू तेच रंगवत होत्या. जेवायची सुट्टी झाली तरी उठायच्या नाहीत.

"दिवाळीनंतरच्या रविवारी इथेच भिंतीवर दाखवू, घरच्यांना बोलवा," असं साहेब एकदा म्हणाले. काकूंनी पांगलेल्या गावाला निरोप धाडले.

काकूंचा भाग माझ्या कॅमेऱ्याखाली यायचा बाकी होता. कच्ची फिल्म संपली होती, नवीची वाट बघत होतो. फिल्म आली नाही. साहेब आले. सिनेमात पैसा घालणाऱ्या माणसाने हात काढून घेतला होता. आता दंतमंजनाची जाहिरात करायची होती आणि प्लास्टिक महाग, म्हणून जुनी चित्रं धुऊन घ्यायची होती.

"आमचं गाव तेवढं ठेवा," काकू म्हणाल्या.

"काकू, तेच तर कोरं करायला सोपं. रंग अजून ताजा आहे, पाण्याने लगेच निघेल."

बाकीच्या बायका जागच्या हलल्या नाहीत. काकूच उठल्या. "तुमी नका हात लावू. मीच धुते." घमेल्यात पाणी घेऊन त्या शेडच्या मागे बसल्या आणि ओल्या बोळ्याने एकेक घर पुसत राहिल्या. चूल पेटवणारी बाई त्यांनी इतर चित्रांसारखीच धुतली, इतरांसारखीच वाळत टाकली. पाणी आधी हिरवं झालं, मग मातकट. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तुजा कॅमेरा बघ."

सिनेमा नाही, असा निरोप त्यांनी पुन्हा सगळीकडे धाडला. खालापूरच्या पलीकडे, पनवेलच्या बाजूला, तो पोचला नाही. त्या रविवारी एक टेंपो शेडपुढे थांबला. त्यातून म्हातारी माणसं उतरली, सुना उतरल्या, धुतलेल्या कपड्यांतली पोरं उतरली. टेबलावर दंतमंजनाचे हसणारे दात वाळत होते.

काकूंनी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. स्वतः भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि अख्खा सिनेमा तोंडाने सांगितला. शेळीच्या प्रसंगाला पोरं खिदळली. चुलीपाशी बसलेली बाई "आलात?" म्हणाली तेव्हा एका सुनेने पदर तोंडाला लावला.

गोष्ट संपल्यावर एक म्हातारा पुढे सरकला. "आमचं घर व्हतं का गं त्यात?"

"व्हतं."

"मंग दाव की."

"पुसलं दादा. मीच पुसलं."

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. मग म्हणाला, "तवा दुसऱ्यांनी पुसलं, आता तू."

माणसं उठली, टेंपोत बसली, गेली. काकू मात्र त्यांना निरोप द्यायलाही बाहेर आल्या नाहीत. सोमवारी काकू कामावर आल्याच नाहीत; त्यांच्या जागेवर दुसरी बाई बसली होती.