वाळूची गोधडी आणि विज्ञानवाघ

आमच्या घरात जेवताना ‘पेटंट’ हा शब्द काढायला बंदी आहे. बंदी कोणी घातली असं नाही. पण शब्द निघाला की अण्णा ताटावरून उठतात, आणि अण्णा उठले की माझी बायको कविता माझ्याकडे बघते. त्या बघण्यापेक्षा उपाशी राहिलेलं परवडतं.

अण्णा म्हणजे माझे सासरे, मूळचे पनवेलजवळच्या सुकापूरचे शेतकरी. शेताच्या इमारती झाल्या आणि त्यातल्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अण्णा आणि सासूबाई राहायला गेले. शेजारच्या विंगेत आम्ही. (आमच्या हॉलच्या जागी पूर्वी वाल पेरायचे, हे अण्णा मला दर रविवारी सांगतात आणि सोफ्याकडे असं बघतात, जणू तो मीच पेरलाय.)

माझं म्हणाल तर मी विम्याच्या ऑफिसात नोकरी करतो. विज्ञानाशी माझा संबंध एवढाच, की अकरावी-बारावीला सायन्सला होतो आणि निकाल बघून सगळ्यांच्या संमतीने कॉमर्सला गेलो. पण आतली आग कुठे विझते! ती मी इंटरनेटवरच्या एका मराठी कट्ट्यावर जिवंत ठेवली होती. तिथे रोज कुठली तरी तंत्रज्ञानाची बातमी येते आणि तिच्यावर माणसं तुटून पडतात. घडीचा फोन आला, मारा. पाण्यावर चालणारी गाडी आली, मारा. मी तिथे ‘विज्ञानवाघ’ या नावाने वावरायचो. घरी मला गीझर सुरू करायलाही कविताला हाक मारावी लागते, पण कट्ट्यावर लोक मला वचकून असत. एक सोडून. त्याचं नाव ‘स्पष्टवक्ता’. त्याच्याविषयी पुढे.

आधी पोपटी सांगितली पाहिजे. आमच्या भागात थंडी पडली की शेतात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, ओवा, जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने बंद करायचं, मडकं जमिनीवर उलटं ठेवायचं, भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवून द्यायचं. सासूबाईंचा जीव होता पोपटीवर. आता तिसऱ्या मजल्यावर पेंढा कुठे पेटवणार? एकदा त्यांनी गच्चीवर प्रयत्न केला, तर सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याची बादली घेऊन धावत आले आणि शेंगांसकट सगळं विझवून गेले. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तेव्हापासून अण्णांनी मनावर घेतलं, की गॅसवर पोपटी करायची. ॲल्युमिनियमचे मोठे टोप आणले, तळाला वाळू घातली, पत्रे कापले, मडकी फोडली. कधी शेंगा खालून कोळसा व्हायच्या आणि वरून कच्च्या राहायच्या, कधी उलट. सासूबाईंचं दुखणं तोवर वाढलं होतं. त्या पलंगावर पडून स्वयंपाकघरातला हा धूर बघायच्या. एक दिवस त्या तिथूनच म्हणाल्या, “खालीच कशाला वाळू घालता? मडक्याला वाळूची गोधडी घाला. सगल्या अंगानी उब पायजे त्याला.”

अण्णांनी टोपात मडकं उलटं ठेवून चारी बाजूंनी, अगदी डोक्यावरूनही वाळू भरली. ती टिकून राहायला पत्र्याचा साचा केला, वाफ जायला खाली वाट केली. हे सगळं जमून यायला वेळ लागला. दिवाळीनंतर सासूबाई गेल्या आणि त्यांचं तेरावं झाल्यावर, वालाच्या पहिल्या शेंगा बाजारात आल्या तेव्हा गॅसवरची पहिली पोपटी नीट शिजली. अण्णांनी टोपाच्या झाकणावर पाणी शिंपडलं, शिजल्याची खूण म्हणून चर्र आवाज आला, मडकं उघडलं आणि अख्ख्या घरात शेताचा वास भरला. मग त्यांनी पहिली वाटी फोटोसमोर ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी आजवर त्यांना रडताना पाहिलेलं नाही, त्या दिवशीही पाठच पाहिली.

पेटंटची कल्पना माझीच! (माझ्या बाजूने बोलण्यासारखं या हकिकतीत एवढंच आहे, म्हणून जोर देऊन सांगतो.) मी अण्णांना समजावलं, की सरकार कागद देतं, त्यावर शोध लावणाऱ्याचं नाव असतं. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, “हिचं नाव येल का त्याच्यात?” मी म्हटलं, का नाही येणार. कल्पना त्यांचीच ना. सासूबाईंचं नाव यमुना. ते रेशनकार्ड सोडून कुठे छापलं गेलं नव्हतं. सातबारावर अण्णांचं, दारावर अण्णांचं, लग्नपत्रिकांमध्ये ‘सौ. व श्री.’ मधलं सौ. तेवढं त्यांचं. अण्णांना तो कागद हवा होता, आणि दुसरं काहीही नको होतं.

फक्त एक अडचण होती. वर्षाच्या आत घरात नवं काम काढायचं नाही, हा रिवाज. वर्षश्राद्ध झाल्याशिवाय अण्णा कुठल्याही कागदावर सही करायला तयार नव्हते. तोवर सगळं गुपित ठेवायचं ठरलं. आणि ठेवलंही, अगदी कसोशीने. पोपटीचा वास सुटला की मजल्यावरची माणसं बाहेर यायची, सेक्रेटरी गच्चीवर आग शोधायला पळायचे, पुन्हा खाली यायचे, पुन्हा वर जायचे. अण्णा सगळ्यांना वाटीभर शेंगा द्यायचे, पण स्वयंपाकघराचं दार लावून. यंत्रावर सासूबाईंची जुनी साडी झाकलेली. कोणी विचारलंच तर ते पाणी गाळायचं मशीन आहे. एवढं मोठं कशाला, तर पाणी फार घाण येतं म्हणून. यावर मात्र कोणी शंका घेतली नाही.

आता स्पष्टवक्ता. त्या हिवाळ्यात कट्ट्यावर बातमी आली, की परदेशातल्या कुठल्याशा कंपनीने स्वयंपाकाच्या भांड्याचं पेटंट घेतलं. झालं, रण पेटलं. एक म्हणाला हे आपल्याकडे पुराणकाळापासून आहे, दुसरा म्हणाला पुराणात गॅस सिलिंडर कुठे होता. त्यात स्पष्टवक्ता येऊन लिहून गेला, “आपल्याकडे शोध लागत नाहीत, फक्त फॉरवर्ड लागतात.”

हे मला लागलं. रविवारची दुपार होती, कविता झोपली होती, म्हणजे मला अडवणारं कोणी जागं नव्हतं. मी लिहिलं, की आमच्या घरात एक असा शोध लागला आहे की त्या कंपनीने तोंडात बोट घालावं. त्याने लिहिलं, थापा. मी अण्णांकडे जाऊन यंत्राचा फोटो काढून आणला. (अण्णा मासिक श्राद्धाच्या पत्रावळींची चौकशी करायला बाजारात गेले होते, किल्ली आमच्याकडे असते.) तो म्हणाला, टोप आहे, आमच्याकडेही आहे. मी अण्णांनी कॅलेंडरच्या पाठीवर काढलेली आकृती टाकली. मापं दिसत नाहीत म्हणाला, मापं टाकली. वाळू कुठली विचारलं कोणीतरी, तीही सांगितली, चाळणीच्या भोकासकट. शेवटी त्याने लिहिलं, “चालत असेल तर चालवून दाखवा.” पुढच्या रविवारी अण्णा साखरपुड्याला गेले असताना मी पोपटी लावून तिचा व्हिडिओ केला. उत्तम शिजली होती, दुर्दैवाने.

माझ्या मनात पाप नव्हतं, हे कोणीतरी लक्षात घ्यावं. मी माझं नाव टाकलं नव्हतं, अण्णांचं नाही, पनवेलचं नाही. विज्ञानवाघाने सांगितलं म्हणजे मी सांगितलं असं थोडंच होतं! उलट त्याच चर्चेत मी सगळ्यांना पेटंटचा कायदा समजावून दिला होता, परिच्छेद पाडून. पसंतीचे तीसेक अंगठे आले होते त्याला. स्पष्टवक्ता त्यानंतर गप्प झाला आणि मी त्या रात्री गाढ झोपलो.

वर्षश्राद्ध झालं. पुढच्याच सोमवारी अण्णा, कविता आणि मी खांदेश्वरला पेटंटची कामं करणाऱ्या पाटणकर मॅडमकडे गेलो. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि पिशवीत सासूबाईंचा पासपोर्ट फोटो होता, लागला तर असावा म्हणून. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, माणूस गेलेलं असेल तर नाव घालता येतं का. मॅडम म्हणाल्या, “शोध त्यांचा असेल तर त्यांचंच नाव जाणार, आजोबा. माणूस असो वा नसो.” अण्णांनी फोटो पिशवीतून काढून टेबलावर ठेवला, मॅडमना दिसेल असा. त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी हललं.

मग मॅडम म्हणाल्या, असं आधी कोणी केलेलं नाही ना, तेवढं बघून घेऊ. त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी शब्द टाकले. मी निवांत चहा पीत होतो! खरंच सांगतो, माझ्या डोक्यात त्या कट्ट्याचा मागमूसही नव्हता. बघता बघता मॅडमच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी स्क्रीन आमच्याकडे फिरवला.

“हे कोणीतरी आधीच टाकलंय. अगदी हेच. मापांसकट.”

अण्णा पुढे वाकले. चोरी झाली, म्हणाले. त्यांचा पहिला संशय सेक्रेटरींवर गेला. वासाच्या निमित्ताने तो माणूस सारखा दारात यायचा, त्याला आज घरी गेल्यावर धरतोच, वगैरे. मीही संतापून मान हलवत होतो (ती सवयीने हलते), आणि त्याच वेळी मला स्क्रीनच्या कोपऱ्यात, मी कट्ट्यावर नावापुढे लावलेलं वाघाचं चित्र दिसलं. मी चहाचा कप खाली ठेवला. मॅडमनी व्हिडिओ सुरू केला. आधी टोप दिसला, मग ओटा, मग ओट्यावरच्या भिंतीवर हार घातलेला फोटो. तोच चेहरा आमच्या समोर टेबलावर होता.

“ह्यो तं आमचा ओटा,” अण्णा हळूच म्हणाले.

तेवढ्यात व्हिडिओतला माणूस बोलू लागला. “नमस्कार मित्रांनो,” तो म्हणाला, आणि पुढे फार बोलला. कविता स्क्रीनकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

मॅडमना बिचाऱ्यांना काही कळलं नव्हतं. त्या समजावून सांगत होत्या, की अर्ज करण्याआधी जगजाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही, मग ती कोणीही जाहीर केलेली असो. “या विज्ञानवाघाला तर हे माहीतही होतं,” त्या म्हणाल्या. “इथे खाली त्यानेच लिहिलंय बघा, सविस्तर.” आणि त्यांनी माझा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. लिहिलेला चांगला होता. अण्णांनी पूर्ण ऐकला, फोटो उचलून पिशवीत ठेवला आणि मॅडमना नमस्कार करून उठले.

 रिक्षात मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो, कारण मागे मला जागा झाली नाही. (मागे तिघं मावतात.) घरी आल्यावर अण्णा पलंगावर बसले, सासूबाई ज्या बाजूला झोपायच्या त्या बाजूला. ते ओरडतील म्हणून मी तयारी करून उभा होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं. पिशवीच्या बंदाशी चाळा करत त्यांनी विचारलं, “जावायबापू, तुमी येवढं सगलं लिवलं. त्याच्यात हिचं नाव हाय का कुटं?”

मी फोन काढून अख्खी चर्चा वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ‘आम्ही शोधलं’ होतं. ‘आमच्या घरी’ होतं. ‘माझ्या मते वाळू बारीक हवी’ होतं. यमुना कुठे नव्हत्या. हार घातलेला फोटो मागे होता, तोही वाफेत.

“नाही,” मी म्हटलं.

“नाय,” अण्णा म्हणाले, आणि आडवे झाले.

मला फार वाईट वाटलं. तेव्हा वाटलं त्याहून आता जास्त वाटतं. मी त्यांच्याच पलंगाच्या कडेला बसून जुना मजकूर दुरुस्त करायला गेलो, तर इतक्या जुन्या मजकुराला हात लावू देत नाहीत म्हणे. मग त्याच चर्चेच्या तळाशी नवीन ओळ लिहिली. अण्णांना वाचून दाखवली, त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि मान हलवली, तेव्हाच पाठवली: “वरच्या शोधातली वाळूची गोधडी ही मूळ कल्पना माझ्या सासूबाई कै. यमुनाबाई यांची आहे. त्यात माझं काहीही नाही.”

विज्ञानवाघाने कट्ट्यावर लिहिलेलं हे पहिलं शंभर टक्के खरं वाक्य असावं. अण्णा उठून बसले होते. कोणी वाचलं का, विचारत होते. तेवढ्यात फोन वाजला. उत्तर आलं होतं. जवळजवळ वर्षभर गप्प असलेला स्पष्टवक्ता नेमका जागा होता.

“काय लिवलंय?” अण्णांनी विचारलं.

त्याने एकच शब्द लिहिला होता. “पुरावा?”

त्या माणसाने जे जे मागितलं ते मी आजवर त्याला देत आलो होतो. फोटो दिला, आकृती दिली, मापं दिली, चाळणीची भोकं दिली. या वेळी मात्र माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं. आणि घाईघाईत फोन अण्णांपासून लपवताना माझं बोट लागून त्याच्या त्या प्रश्नाला पहिला अंगठा गेला, तो विज्ञानवाघाचा!