बीएस्सीची अगरबत्ती

आमच्या घरात तुरीची डाळ रोज शिजायची आणि रोज तुटकीच असायची. बाबांना टँकरवरून उतरवल्यावर आई अकोल्यातल्या डाळ मिलमध्ये निवडायला जाऊ लागली होती. तिथला तुटका माल स्वस्तात मिळायचा. अख्खी डाळ मी पहिल्यांदा कॉलेजच्या मेसमध्ये खाल्ली, आणि ती नीट शिजलेली नाही अशी तक्रारही केली.

बाबांना उतरवलं ते इंग्रजीमुळे. पेट्रोल-डिझेलसारखा धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरने तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं, लायसनवर तसा शेरा मारून घ्यावा, आणि त्याला एक आपली भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यावी, असा नियम आहे. नियम जुनाच, पण बरीच वर्षं कोणी विचारत नव्हतं. एक दिवस डेपोच्या गेटवर विचारू लागले. बाबांचं मराठी पेपर वाचण्यापुरतं पक्कं होतं. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. सकाळी टँकर भरायचा, मूर्तिजापूर, बडनेरा, चांदूर रेल्वेच्या पंपांवर खाली करायचा आणि संध्याकाळी घरी जेवायचं, हे काम गेलं. मग ते कापसाच्या गाठींच्या ट्रकवर लागले. हंगामात कित्येक दिवस दिसायचे नाहीत आणि हंगाम संपला की घरातून हलायचे नाहीत.

"टँकरच्या मागं काय लिवलं हाय ते तुले वाचता आलं पायजे," एवढंच ते मला सांगायचे. शिक्षणाविषयी यापेक्षा मोठं भाषण आमच्या घरात झालेलं नाही.

मी अमरावतीला जाऊन बीएस्सी झालो, तेही केमिस्ट्री घेऊन. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. याचा मला इतका अभिमान, की चुलत बहिणीच्या लग्नपत्रिकेत आमंत्रक म्हणून माझं नाव टाकायला लावलं आणि त्यापुढे डिग्री छापून घेतली. नवरदेवाच्या नावापुढे काहीच नव्हतं. त्याच्याकडचे लोक अजून मला त्यावरून ओळखतात.

डिग्रीने नोकरी मात्र दिली नाही. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यांत लॅबसाठी मुलाखती दिल्या. प्रत्येक ठिकाणी कळवतो म्हणाले. शेवटी बाबांच्या शेजारी ट्रकवर बसून गाडी शिकलो, पुढे जड वाहनाचं लायसन काढलं. बाबांच्या जुन्या ठेकेदाराकडे टँकरवर जागा झाली होती. तो म्हणाला, महिनाभर थांबतो, लायसनवर शेरा आण, गाडी तुझी. म्हणजे बाबांनी इतकी वर्षं मला शिकवलं ते शब्दशः टँकरच्या मागचं वाचायलाच.

प्रशिक्षणात मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना नकोसा झालो. शिकवणारे मास्तर अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. त्यांनी प्रश्न विचारला की त्यांचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर. अंजनगाव सुर्जीकडून आलेला, गॅस सिलिंडरची गाडी चालवणारा एक दादा शेजारी बसायचा. शेवटच्या दिवशी सकाळी मी त्याला न विचारता समजावून सांगितलं, की रिकामा टँकर भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आत वाफ कोंडलेली असते. तो म्हणाला, "तुमी बोलून राहिले, आमी ऐकून राहिलो. चालू द्या."

दुपारी प्रात्यक्षिक होतं. आवारात रिकामा टँकर उभा. निघण्याआधीची तयारी एकेकाने करून दाखवायची. पहिलं नाव अर्थात मीच दिलं. गाडीभोवती फिरून मी व्हॉल्व्ह, अर्थिंगची तार, आग विझवायचं नळकांडं, सगळं इंग्रजी नावांसकट दाखवलं. मग रुबाबात केबिनमध्ये चढलो.

आणि बसल्याबरोबर बाबांचा मुलगा झालो. स्टिअरिंगला हात लावला, कपाळाला लावला, खिशातून अगरबत्ती काढली आणि काडी ओढली. "पह्यल्यांदा टँकरवर बसशीन तवा लावजो," असं सांगून आईने सकाळीच ती काडेपेटीसकट दिली होती. आमच्याकडे त्याशिवाय कोणी गाडी हलवत नाही. हाताला ते इतकं ठाऊक, की डोक्याला विचारायचं त्याला सुचलंच नाही.

मास्तर ओरडले नाहीत. खिडकीखाली येऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "बीएस्सी, पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट किती?"

मी, हातात जळती अगरबत्ती घेऊन, छाती काढून सांगितलं, "उणे चाळीसच्या आसपास, सर."

"म्हंजे काय?"

"म्हणजे अकोल्याच्या उन्हात त्याला पेटायला फक्त निमित्त लागतं."

"मंग ते निमित्त तुमच्या हातात काय करून राहिलं?"

टँकर प्रशिक्षणापुरता, आतून धुऊन ठेवलेला होता, म्हणून ही गोष्ट मी सांगू शकतो. मला नापास केलं. पुढच्या तुकडीत पुन्हा पहिल्यापासून या म्हणाले. ती तुकडी महिना उलटल्यावर सुरू होणार होती, आणि तोवर ठेकेदार थांबणार नव्हता.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मले इंग्रजी येत नव्हतं म्हनून उतरवलं. तुले येऊन बी उतरवलंच." आणि भिंतीला टेकून इतके हसले, की आई पाणी घेऊन आली. ते स्वतः टँकरमध्ये वर्षानुवर्षं अगरबत्ती लावत होते, हे हसू ओसरल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग मात्र त्यांनी ते पाणी प्यायलं.

दुसऱ्या दिवशी ते ठेकेदाराकडे गेले आणि झालं ते सगळं सांगून टाकलं. मी घरात लपून बसलो होतो. ठेकेदार म्हणाला म्हणे, ज्याची एवढी फजिती झाली तो जन्मात माझ्या गाडीत काडी ओढणार नाही, असा ड्रायव्हर मला परवडतो. तो थांबला.

पुढच्या खेपेला निघताना आईने खिशात झेंडूचं फूल घातलं. "हे पेटत नाही," ती म्हणाली. "मी पायलं."

यावेळी पास झालो. पण तेव्हा शेरा वर्षभरच चालायचा, दरवर्षी एक दिवस उजळणीला जावं लागे. दरवर्षी मास्तर नव्या लोकांना अगरबत्ती लावणाऱ्या बीएस्सीची गोष्ट सांगत, आणि मी मागच्या बाकावर बसून सगळ्यांबरोबर हसत असे. नंतर नियम बदलला, मुदत तीन वर्षांची झाली. या बदलाचं माझ्याइतकं मनापासून स्वागत कोणी केलं नसेल. बाबांनी एवढंच विचारलं, "इंग्रजीचं काही बदललं का?" मी नाही म्हणालो.

माझ्या लायसनवर धोकादायक मालाचा शेरा आहे. मी टँकर चालवतो आणि संध्याकाळी घरी जेवतो. डाळ अख्खी असते.